हलफमामा आणि जुनं कोर्ट

आमच्या जुन्या कोर्टाला जेवढे दगड आहेत, त्याहून जास्त त्याच्याबद्दलच्या गोष्टी आहेत. स्टेशनवरून रिक्षा केली की क्रांती चौक येईपर्यंत त्यातल्या निम्म्या रिक्षावाल्याकडून ऐकून होतात. चुन्यात म्हणे अंडी घातली होती, एका बेगमेनं हट्ट धरला म्हणून वरच्या मजल्याला दगडी जाळ्या बसवल्या, फाशीच्या कैद्याला जिथं उभं करायचे तो दगड अजून जागेवर आहे, आणि हे सगळं सांगून झालं की शेवटी भुयार. ते दौलताबादच्या किल्ल्यापर्यंत जातं. आमच्याकडे भुयार नसलेल्या इमारतीला कुणी जुनी म्हणतच नाही.

वकिली सुरू केली तेव्हा मीही पाहुण्यांना या गोष्टी तिखटमीठ लावून सांगायची. एकदा पुण्याच्या मावसभावाला मागच्या व्हरांड्यात उभं करून भुयाराचं तोंड दाखवत होते. ते खरं म्हणजे पावसाच्या पाण्याचं गटार होतं, पण भाऊ पुण्याचा असल्यामुळे खपून गेलं असतं. तेवढ्यात मागून आवाज आला, “हे शपथेवर सांगताय का, वकीलबाई?”

मागं एक उंच, काटकुळे गृहस्थ उभे होते. नाकावर मोठा रुमाल बांधलेला, काखेत लाल फडक्यात गुंडाळलेला कागदांचा बस्ता. त्यांनी रुमाल हनुवटीखाली ओढला आणि माझ्या भावाला शांतपणे विचारलं, “भुयार असतं तर दौलताबादचे साक्षीदार एसटीनं काहून आले असते?” मग रुमाल पुन्हा नाकावर चढवून ते निघून गेले. भावानं ती गोष्ट अजून सोडलेली नाही.

ते रेकॉर्ड रूमचे कारकून. सगळं कोर्ट त्यांना हलफमामा म्हणायचं. हलफ म्हणजे शपथ. निजामाच्या राजवटीतले असे पुष्कळ शब्द आमच्या कोर्टात अजून नांदतात. मामांना हे नाव पसंत होतं की नव्हतं, कळायला मार्ग नव्हता. कुणी विचारलं तर म्हणायचे, माझं हे नाव असल्याचं अजून कुणी शपथेवर सांगितलेलं नाही.

मामांचा नियम एकच होता. जी गोष्ट कुणीतरी शपथ घेऊन सांगितली, ती झाली. बाकीची हवा. आणि हा नियम ते नुसता बोलून दाखवत नव्हते, त्यावर त्यांनी तीस-एक वर्षं खर्ची घातली होती. त्यांना या इमारतीचा इतिहास लिहायचा होता. पण नकाशे, पुस्तकं, जाणकारांच्या मुलाखती यांपैकी कशालाही हात न लावता. कोर्टात पिढ्यान् पिढ्या लोकांनी जे जबाब दिले, त्यांत सहज बोलता बोलता या इमारतीबद्दल जे काही बोलून गेले असतील, तेवढंच वेचायचं. जुने जबाब उर्दूत. मामांनी त्यांच्या आधीच्या म्हाताऱ्या मुन्शींकडून उर्दू वाचायला शिकून घेतलं होतं. दुपारी भाकरी खाऊन झाली की एक बस्ता सोडायचा, वाचायचा, पुन्हा तशीच गाठ मारायची. हा क्रम कधी चुकला नाही.

वेचलेलं सगळं एका लांबट, जाड पुठ्ठ्याच्या वहीत. वहीला तीन रकाने. पहिल्यात गोष्ट, दुसऱ्यात ती कोण म्हणालं, तिसऱ्यात निशाणी. कोर्टात दाखल होणाऱ्या कागदाला नंबर पडतो, त्याला निशाणी म्हणतात. मामांना निशाण्यांचं वेडच होतं. घरी डाळ-तांदळाच्या डब्यांवर त्यांनी निशाणी एक, निशाणी दोन अशा चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. माझी विसरलेली छत्री त्यांनी एकदा सांभाळून ठेवली, ती परत देताना दांड्याला निशाणी सात अशी चिठ्ठी बांधलेली होती. पहिल्या सहा निशाण्या काय होत्या ते विचारायचं मला धाडस झालं नाही.

आणि तो रुमाल. रेकॉर्ड रूमच्या धुळीसाठी बांधलेला, पण त्याला पुढं मोठा अर्थ आला होता. रुमाल नाकावर असताना मामा जे बोलतील ते आपलं गप्पाटप्पा. ते धरून चालायचं नाही. रुमाल हनुवटीखाली आला की पुढचं वाक्य पक्कं. त्यामुळे आम्ही वकील मंडळी काही विचारायला गेलो की त्यांच्या तोंडाकडे कमी आणि रुमालाकडे जास्त बघायचो. “मामा, ती फाईल सापडेल ना?” “सापडेल की.” रुमाल नाकावरच. मग समजून घ्यायचं आणि पुढची तारीख मागायची.

त्यांच्या वहीतला इतिहास मात्र असा होता की रिक्षावाल्यांच्या गोष्टी त्यापुढे फिक्या पडाव्यात. समोरच्या पायऱ्या कधी बसवल्या हे कुठंही लिहिलेलं नाही. पण गुलमंडीतल्या दोन कापडवाल्यांची मारामारी झाली होती, त्यात एक साक्षीदार सांगून गेला, की मी कोर्टाच्या पायरीवर भजी खात बसलो होतो, दगड नवाकोरा असल्यामुळे घसरून पडलो आणि म्हणून मला मारामारीची सुरुवात दिसली नाही. झालं. पायऱ्यांचा जन्म मामांना सापडला. त्याच खटल्यात दुसरा साक्षीदार म्हणाला, कोर्टाच्या घड्याळात तेव्हा पाच वाजले होते. त्यावर न्यायाधीशांनी निकालात लिहिलं, की सदर घड्याळ बंद आहे, हे आम्ही स्वतः रोज पाहतो. मामा खूश. घड्याळ बंद असल्याचाही पुरावा मिळाला, आणि तोही खुद्द न्यायाधीशांचा.

गंमत म्हणजे पुढं ते घड्याळ दुरुस्त झालं. ठोके पडायला लागले. सगळं कोर्ट वर बघून जेवायला उठायला लागलं. मामा मात्र आपल्या मनगटावरच्या घड्याळात बघायचे. कारण ते सुरू झाल्याचं अजून कुणी शपथेवर सांगितलेलं नव्हतं.

विहिरीची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. एका जुन्या जबाबात कुणा बाईनं सांगितलं होतं, की सासूची पितळी घागर माझ्या हातून कोर्टातल्या विहिरीत पडली, तेव्हापासून आमचं वाकडं आलं. कोर्टात विहीर होती हे कुणाला माहीतही नव्हतं. त्या बाईनं अंतरं सांगितली होती, इतकी पावलं फाटकापासून, इतकी पावलं वडापासून. मामांनी ती मोजली, तर विहीर आली थेट सायकल स्टँडच्या मधोमध. त्या दिवसापासून मामा सायकल स्टँडवरून सरळ गेले नाहीत. विहिरीला वळसा घालून जायचे. उन्हातान्हात, हातात चार बस्ते असले तरी वळसा. लोक हसायचे. आमच्यातले एक ज्येष्ठ वकील तर मुद्दाम आपली स्कूटर बरोबर त्या जागी लावायचे आणि मामांना हाक मारून विचारायचे, “मामा, बुडाली का हो?”

एका श्रावणात सलग आठ दिवस पाऊस झाला आणि नवव्या दिवशी सकाळी जमीन बसली. स्कूटरचं मागचं चाक आत आणि पुढचं आभाळाकडे. सगळं कोर्ट गोळा झालं. मामाही आले. दुसरा कुणी असता तर त्यानं तिथं फुगडी घातली असती. मामांनी रुमाल खाली ओढला आणि ज्येष्ठ वकिलांना फक्त एवढंच विचारलं, की स्कूटर इथंच लावली होती, हे शपथेवर लिहून द्याल का? वकीलसाहेब तेव्हा भडकले. पण विमा मिळवायचा तर शपथपत्र करणं भाग होतं. त्याची एक नक्कल मामांच्या वहीत चिकटली. तिसऱ्या रकान्यात रीतसर निशाणी.

हा नियम ते कोर्टात ठेवून घरी गेले असते तर बरं झालं असतं. पण नाही. भाचीचं लग्न ठरत होतं. मुलाकडचे म्हणाले, आमचा मुलगा सुपारीसुद्धा खात नाही, दारूचं तर नावच नको. मामांनी विचारलं, हलफनामा द्याल? मुलाचे वडील उठून उभे राहिले. बैठक मोडायच्या बेतात आली. पण मुलगा मोठा धीराचा निघाला. दुसऱ्या दिवशी स्वतः कोर्टात येऊन त्यानं स्टॅम्प पेपरवर लिहून दिलं. लग्न थाटात झालं. त्या शपथपत्रात ‘आजतागायत’ असा एक शब्द होता, हे मामांच्या फार नंतर लक्षात आलं.

मला मामा फार आवडायचे, हे सांगून टाकते. बाई वकील म्हणून नवी असताना मला कोर्टात बसायला खुर्ची नसायची. मामांनी रेकॉर्ड रूमच्या दाराशी एक स्टूल ठेवलं आणि त्यावर ‘निशाणी, वकीलबाई’ अशी चिठ्ठी लावली. शिरस्तेदारसुद्धा त्या स्टुलावर बसायला धजला नाही.

त्यांच्या घरी मी पहिल्यांदा गेले ती कसल्याशा कागदासाठी. उस्मानपुऱ्यात दोन खोल्यांचं घर. मामी वारल्यापासून तिथं मायलेक दोघंच. मामांच्या आईला सगळे आजी म्हणायचे. आजी तेव्हाच पंच्याऐंशीच्या पुढं असतील. नक्की वय त्यांनी कधी शपथेवर सांगितलं नव्हतं. पांढरं पातळ, निळा काठ. दारातच त्यांनी जयभीम केला, मला बाजेवर बसवलं आणि लेकाला हाक मारली, “भाकर वाढली हाय. शपथेवर सांगू का?”

मी हसले. मामा हसले नाहीत. मग कळलं की हे रोजचंच होतं. चहा झाला की, पाणी आलं की, आजी हेच विचारायच्या. त्यामागं एक जुनं भांडण होतं, आणि ते या कोर्टावरूनच.

आजींचा बाप या इमारतीच्या कामावर होता. मागच्या अंगाला जी पाच कमानींची ओळ आहे, तिच्यातली मधली मोठी कमान माझ्या बापानं उभी केली, असं आजी पहिल्यापासून सांगत आल्या. मामा लहान असताना त्या त्यांना बोटाला धरून रस्त्यावरून ती कमान दाखवायच्या. कोर्टात चिकटायचं हे मामांच्या डोक्यात शिरलं तेही त्यामुळेच असणार. पण पुढं त्यांनी वही घातली, तेव्हा आजी हौसेनं म्हणाल्या, पहिलं नाव माझ्या बापाचं लिही. मामांनी सांगितलं, माय, हे शपथेवर नाही. आजी आठ दिवस बोलल्या नाहीत. मग बोलायला लागल्या ते हे असं.

वहीत त्या कमानींवाल्या मागच्या इमारतीचं पान होतं. वर नाव होतं, खाली तिन्ही रकाने कोरे. हजारो जबाबांत कुणी एकानंही तिच्या बांधकामाबद्दल शब्द काढला नव्हता.

मामा निवृत्त झाले आणि कोर्टानंही आपला मुक्काम हलवला. नवी इमारत झाली, लिफ्ट आली, खुर्च्या आल्या. जुनी इमारत रिकामी पडली. आणि एके दिवशी वर्तमानपत्रात नोटीस. पुढची मुख्य इमारत जतन करायची. मागची बाजू मागाहून वाढवलेली असल्यामुळे ती काढून तिथं वाहनतळ करायचा. कुणाची हरकत असेल तर महिन्याच्या आत कळवावी. मूळ नकाशा कुठंच मिळत नव्हता. मागची बाजू मागाहून बांधली हे कुणी ठरवलं, तर कुणीच नाही. बघणाऱ्याला तसं वाटलं, एवढंच.

आम्ही काही वकिलांनी हरकत घ्यायचं ठरवलं. रेकॉर्ड रूम त्या मागच्या बाजूलाच होती, त्या व्हरांड्यात माझं स्टूल होतं, त्या कमानींखाली मी पहिला जिंकलेला निकाल वाचला होता. पण न्यायालयात काय किंवा सरकारी कचेरीत काय, जीव जडलाय हा काही पुरावा होत नाही. मी थेट उस्मानपुरा गाठलं. म्हटलं, मामा, वही काढा.

मामांनी वही काढली, ते कोरं पान उघडून माझ्यापुढं धरलं आणि मान खाली घातली. खाटेवर आजी लसूण सोलत होत्या. त्यांनी हातातली पाकळी ठेवली.

“साठ वर्सं सांगायली मी,” त्या मला म्हणाल्या. “याच्या वहीत जागा नाय.”

त्या कामावर बापाची भाकरी घेऊन जायच्या, सहा-सात वर्षांच्या असताना. त्यांनी ते काम स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेलं होतं. जिवंत साक्षीदार, आणि तो रोज मामांना भाकरी वाढत होता. मला तर नाचावंसं वाटलं. मी म्हटलं, आजी, हे तुम्ही साहेबांपुढं सांगाल? आजी म्हणाल्या, आत्ता चल.

मामा मला सोडायला फाटकापर्यंत आले. रुमाल आता बांधायचं कारण नव्हतं, पण खिशात असायचा. तो काढून त्यांनी उगीच चष्मा पुसला. म्हणाले, सख्ख्या आईची साक्ष, लोक म्हणतील घरचीच. मी म्हटलं, म्हणू देत. ते घुटमळले. मग खरं काय ते बोलले.

“वकीलबाई, तिला उलटे सवाल करतील. त्यात ती खोटी पडली तर? माझा रकाना कोरा राहू द्या. तिचं खोटं ठरलेलं मला लिहावं लागंल.”

तेव्हा मला कळलं, की इतकी वर्षं या माणसानं आईचं म्हणणं शपथेवर का घेतलं नव्हतं. तिच्यावर विश्वास नव्हता म्हणून नव्हे. कोऱ्या रकान्यात तिची गोष्ट सुरक्षित होती. पण महिन्याची मुदत होती, आणि आजींनी तोवर कपाटातून नवं पातळ काढून उन्हात टाकलंही होतं.

मी हरकतीचा अर्ज लिहिला. मधली मोठी कमान सदर साक्षीदाराच्या वडिलांनी बांधली, सबब मागची बाजू मूळ बांधकामाचाच भाग आहे, वगैरे. आजींचं शपथपत्रही टाईप करून नेलं आणि वाचून दाखवलं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि अंगठा लावायला नकार दिला. आधी बोलते, मग अंगठा, म्हणाल्या. मला वाटलं, म्हातारपणाचा हट्ट. माझी वकिली तोवर वीस वर्षांची झाली होती, पण समोरचा माणूस अंगठा का लावत नाही हे मला तिथं कळायला हवं होतं, ते कळलं नाही.

सुनावणी जागेवरच ठेवली होती, मागच्या व्हरांड्यात, त्याच कमानींखाली. प्लॅस्टिकच्या खुर्च्या, एक टेबल, एक तरुण अधिकारी आणि त्याच्या शेजारी फाईल घेऊन बसलेले इंजिनिअर. आम्ही रिक्षानं आलो. आजी मधे, दोन्हीकडून आम्ही दोघं. मामांच्या मांडीवर वही.

आजींसाठी खुर्ची दिली. पाय खाली टेकत नव्हते, लोंबकळत होते. अधिकारी मोठा अदबशीर माणूस होता. म्हणाला, आजी, तुम्ही निवांत सांगा, मी लिहून घेतो. त्यानं पेन उघडलं आणि मामा उठले.

“साहेब, बिनशपथेचं लिहून घेऊ नका.”

अधिकाऱ्यानं समजावलं, की हे कोर्ट नाही, शपथ द्यायचा मला अधिकार नाही. मामा हटेनात. बिनशपथेचं बोलणं उद्या कुणीही पुसून टाकील, म्हणाले. मी कपाळाला हात लावला. ज्या माणसाच्या नियमामुळे हे पान इतकी वर्षं कोरं राहिलं, तो आता भरायच्या वेळीही तोच नियम घेऊन आडवा उभा होता. इंजिनिअर घड्याळ बघायला लागले.

आजी म्हणाल्या, “देवाबिवाची शपथ मी घेत नसते. माझी शपथ येगळी हाय. इकडं ये रं.”

मामा गेले. आजींनी खाली बोट दाखवलं. सदुसष्ट वर्षांचे मामा आईच्या पायाशी फरशीवर मांडी घालून बसले, मांडीवर वही उघडी. आजींनी आपला उजवा हात त्यांच्या टकलावर ठेवला. लेकराच्या डोक्यावर हात ठेवून बाई खोटं बोलत नाही, हे आमच्याकडं वेगळं सांगावं लागत नाही. अधिकाऱ्यानं एकदा मामांकडं बघितलं, एकदा आजींकडं, आणि कागदावर वर काहीतरी लिहिलं. मग म्हणाला, बोला आजी.

इंजिनिअरनी माझ्या अर्जावर बोट ठेवून वाचलं, “ही मधली कमान तुमच्या वडिलांनी बांधली, असं यात लिहिलंय. बरोबर?”

मामांच्या डोक्यावर आजींची बोटं हलली, दोनदा, तीनदा. मामांनी डोळे मिटून घेतले होते.

“नाय,” आजी म्हणाल्या. “कमान माझ्या बापानं नाय बांधली.”

अर्जाखाली सही माझी होती.

“कमानीचे गवंडी लांबून आलेले,” आजी पुढं म्हणाल्या. “माझा बाप चुन्याच्या घाणीवर बैल हाकायचा. आई नव्हती मला. पोरीला बरं वाटावं म्हणून त्यो म्हणायचा, ही कमान मी केली. मला ठाव हुतं. तरी जलमभर मी तेच सांगत आले. आता याच्या डोक्यावर हात हाय. खोटं कसं बोलू?”

इंजिनिअरनी फाईल मिटली. अर्ज तिथंच संपला असता. पण अधिकाऱ्यानं, मला वाटतं नुसतं म्हातारीचा मान ठेवायचा म्हणून, विचारलं, की ही घाणी कुठं होती?

चुन्याची घाणी म्हणजे जमिनीत एक गोल दगडी चर, त्यात उभं दगडी चाक, चाकाला लांब दांडी आणि दांडीला बैल. बैल गोल फिरतो, चुना मळला जातो.

आजींनी मोकळ्या हातानं समोर दाखवलं. पुढची इमारत आणि मागची इमारत यांच्या मधल्या चौकात. म्हणाल्या, एकच घाणी होती, दोन्हीकडं तिचाच चुना जायचा. चाकावर वजन पाहिजे म्हणून बाप मला दांडीवर बसवायचा.

“फेरा म्होरं आला की म्होरल्या परांचीवरली माणसं दिसायची. मागं गेला की मागली. दोनीकडून मला हाका मारायचे, ए पोरी, ए पोरी. मी दोनीकडं हात करायची.”

अधिकाऱ्याचं पेन थांबलं. माझंही डोकं तेव्हा ठिकाणावर आलं. बांधकामाच्या दोन्ही परांच्या एकाच वेळी उभ्या. दोन्हीकडं एकाच वेळी काम. म्हणजे मागची इमारत मागाहून बांधलेली नाही. कमानीच्या गोष्टीनं यातलं काहीही सिद्ध झालं नसतं. एक कमान कुणी बांधली यावरून ती कधी बांधली ते ठरत नाही. बैल हाकणाऱ्याच्या पोरीला मात्र दोन्ही बाजू दिसत होत्या.

इंजिनिअरनी विचारलं, घाणीची जागा नक्की कोणती? आजी म्हणाल्या, त्या जास्वंदीला इचारा. चौकात जास्वंदीची दोन झाडं आहेत आणि त्यांच्याभोवती गोल दगडी कडं. आम्ही त्याला इतकी वर्षं झाडाचं आळं समजत होतो, त्यात चहाचे कप टाकत होतो. इंजिनिअर उठून गेले. वाकले. खिशातून गाडीची किल्ली काढून दगडाच्या सांध्यात खरवडायला लागले. बराच वेळ खरवडत होते. मग माती बाजूला सारून त्यांनी चर हातानं चाचपला, पूर्ण गोल फिरून. परत आले तेव्हा त्यांची बोटं पांढरी झाली होती आणि चेहरा वाढदिवसाच्या मुलासारखा झाला होता. ते स्वतःच अधिकाऱ्याला म्हणाले, साहेब, चुनाच आहे, घाणीच आहे. एका घाणीवर दोन्ही बांधकामं, हे तांत्रिकदृष्ट्या बरोबर बसतं.

अधिकाऱ्यानं तिथंच अभिप्राय लिहिला आणि मोठ्यानं वाचला. मागची बाजू मूळ बांधकामाचाच भाग असल्याचं दिसतं, सबब ती काढू नये. दोन महिन्यांनी ती नोटीस मागं घेतली गेली, पण आमच्यापुरता निकाल त्या व्हरांड्यातच लागला. आमचे विहीरवाले ज्येष्ठ वकील आले होते, त्यांनी टाळ्या वाजवल्या. मी आजींपुढं शाईचा डबा धरला. त्यांनी अधिकाऱ्यानं लिहून घेतलेल्या बयानाखाली अंगठा उठवला, डाव्या हाताचा, कारण उजवा अजून लेकाच्या डोक्यावर होता.

मामांनी मांडीवरचं पान सरळ केलं. मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. पहिल्या रकान्यात त्यांनी लिहिलं, पुढची व मागची इमारत एकाच वेळी बांधली. दोन्हीचा चुना माझ्या आईच्या वडिलांनी मळला. वडिलांचं नाव पूर्ण लिहिलं, ठळक अक्षरात. दुसऱ्या रकान्यात आईचं नाव. तिसऱ्यापाशी अडले. हे कोर्ट नव्हतं, कागदाला नंबर नव्हता. थोडा विचार करून त्यांनी लिहिलं, निशाणी, माझं डोकं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, चष्म्याच्या काचा धुकटल्या होत्या, आणि ते हसत होते. मामांना मी असं हसताना त्याआधी पाहिलं नव्हतं.

आजींनी वाकून वहीत बघितलं. वाचता येत नसलं तरी पान भरलेलं आहे हे त्यांना दिसत होतं.

“माझं बोलून झालं,” त्या म्हणाल्या. “हात काढू का आता?”

“राहू दे, माय,” मामा म्हणाले.